एकच रिंग

झुंबरबाईंचा फोन खरकटी भांडी भिजत घातलेल्या घमेल्यात पडला, तो नेमका सकाळच्या चहाच्या आधी. चहानंतर पडला असता तर बाळासोंचा दिवस सुखात गेला असता. पण सुख आणि बाळासो यांचं फारसं जमत नाही, हे कसबा बावड्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

फोन म्हणजे बटणांचा जुना ठोकळा. आकडे पुसून गेलेले, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. पाण्यातून काढल्यावर त्यानं एकदा उजेड दाखवला आणि मान टाकली. झुंबरबाईंनी तो पदरानं पुसला, तांदळाच्या डब्यात पुरला, मग काढून उन्हात ठेवला आणि दर थोड्या वेळानं जाऊन हलवून बघायला लागल्या.

"आगं, मेलेलं हलवून उठतंय व्हय?" बाळासो ओट्यावरून ओरडले.

"आज रिंग गेली न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "आजचं ऱ्हाऊ दे. पण उद्या चहा झाला की गेलीच पायजे. काय बी करा, आजच्या आज फोन घ्या. आन नंबर त्योच पायजे, आक्काकडं दुसरा नंबर न्हाय."

हे रिंगेचं प्रकरण बाळासोंच्या डोक्यात गेली तीनेक वर्षं कुसळासारखं सलत होतं. झुंबरबाईंची थोरली बहीण हौसाबाई चंदगडच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात राहायची. रोज सकाळी बाळासोंनी ओट्यावर बसून चहा प्यायला, कप खाली ठेवला, की झुंबरबाई दाराच्या चौकटीला टेकून बहिणीला फोन लावायच्या. एक रिंग जायची आणि कट. थोड्या वेळानं तिकडून एक रिंग यायची आणि कट. संपलं. ना कसं काय, ना पाऊसपाणी, ना जेवलीस का.

"एक बहीण चिकट, तर दुसरी तिच्यापेक्षा चिकट," बाळासो म्हणायचे. "बोलायला तोंड न्हाय व्हय तुमास्नी?"

"तिकडं रेंज कुठाय बोलायला? नुसतं खरखरतंय."

"मग रिंग तरी कशाला द्यायची?"

"असू दे."

त्या घरात 'असू दे' म्हटलं की विषयाला कुलूप लागायचं. ते उघडायचं धाडस बाळासोंनी केलं नव्हतं. तशी त्यांची तब्येतही नव्हती. त्यांच्या छातीत स्प्रिंग बसवलेली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की चिडायचं नाही. हे पथ्य बाळासोंनी एक दिवसही पाळलं नाही. उलट दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी घरात हुकूम काढला, की आपल्या आजाराचा शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. "ज्यानं त्यानं उठायचं आन विचारायचं, आज कसं हाय, उद्या कसं हाय. मी काय पेपरात छापायचा गुळाचा दर हाय?" झुंबरबाईंनी मान हलवली होती. झुंबरबाईंचं मान हलवणं म्हणजे काय असतं, हे बाळासोंना एवढ्या संसारात कळायला हवं होतं.

फोन मेल्याची बातमी पुण्याला राहणाऱ्या लेकीपर्यंत, राजनंदिनीपर्यंत, बाळासोंनीच पोचवली आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

"आबा, आता आईला स्मार्टफोनच घ्या. व्हिडिओ कॉल करता येईल, नातवंडं दिसतील. डेटा भरपूर घ्या, पण ऑटो-पे लावू नका. रॅम बघून घ्या."

"तिला एक रिंग द्यायचीय," बाळासो म्हणाले. "इमान न्हाय चालवायचं."

दहाच्या सुमाराला दोघं स्कूटरवरून राजारामपुरीत आले. एका ओळीत चार-पाच मोबाईलची दुकानं, आणि प्रत्येकाच्या पाटीवर हसणारी तीच बाई. बाळासोंनी त्यातल्या त्यात कमी गर्दीचं दुकान निवडलं. आत काउंटरमागं कंपनीचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी उभी होती. छातीवरच्या बिल्ल्यावर 'तेजस्वी' असं लिहिलेलं.

"या काका, या मावशी. कसला फोन बघायचा?"

"लावल्यावर लागणारा," बाळासो म्हणाले.

तेजस्वी हसली. तिला वाटलं काका गमतीदार आहेत. बिचारीला काय ठाऊक पुढं काय वाढून ठेवलंय ते. तिनं काचेवर फोन मांडायला सुरुवात केली. हा पातळ, तो जाड, ह्याचा कॅमेरा जोरात, त्याची बॅटरी जोरात. एक तर म्हणे तोंड बघून उघडतो.

"माझ्या घरातलं दार बी माझं तोंड बघून उघडत न्हाय," बाळासो म्हणाले. "पुढं बोल. प्लॅन सांग."

तेजस्वीनं एक चकचकीत कागद पुढं सरकवला. बाळासोंनी चष्मा चढवला. कागदावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात रकानेच्या रकाने भरले होते.

"हा बघा काका, लोकांना सगळ्यात आवडणारा. रोज दीड जीबी, कॉल अनलिमिटेड, एक महिन्याचा. म्हणजे अठ्ठावीस दिवस."

बाळासोंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "काय म्हणालीस?"

"अठ्ठावीस दिवस."

"महिना अठ्ठावीस दिवसांचा कवापासनं झाला?"

"तसाच असतोय काका. फेब्रुवारी नसतो का?"

"बाराही महिने फेब्रुवारी चालतोय व्हय तुमच्यात?"

मागं उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. झुंबरबाईंनी नवऱ्याच्या बाहीला हात लावला, पण आता उपयोग नव्हता. बाळासोंची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी करण्यात गेली होती. जगात त्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ते म्हणजे माप. "पोरी, मी काट्यावर टनाला मूठभर जरी कमी धरलं असतं ना, तर लोकांनी मला मोळीत बांधून उसाबरोबर गव्हाणीत टाकलं असतं. आन तुमी महिन्यातनं सरळ दोन-तीन दिवस खाताय, वर हसताय?"

"काका, मी न्हाय खाल्लं हो. कंपनी खातीया."

"मला तो जीबी नको. नुसता बोलायचा प्लॅन दे."

"आहे तसा," तेजस्वी जरा नाखुशीनं म्हणाली. "पण त्यो कोण घेत न्हाय. शोधावा लागंल."

"शोध. मी बसलोय."

ती कॉम्प्युटरवर शोधत असताना बाळासोंच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बाहेर काढेपर्यंत बंद. परत ठेवला तर परत वाजला, परत बंद. तिसऱ्या वेळी त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, तर काउंटरच्या टोकाला झुंबरबाई. हातात दुकानातला, सिम घालून दाखवायला ठेवलेला फोन, डोळे बारीक केलेले, आणि बोट बंदुकीच्या चापावर असल्यासारखं सज्ज.

"तू लावतीयास?"

"बघतोय," झुंबरबाई म्हणाल्या. "एका रिंगेत कट हुतोय का न्हाय ते."

बाळासोंना भर दुकानात तोंड लपवावंसं वाटलं. लोक फोन घेताना कॅमेरा बघतात, रंग बघतात, आणि ही बाई फोन बंद किती लवकर होतो ते बघतेय. टचस्क्रीनचा एक फोन तिनं कानाला लावला, रिंग गेली, ती कट करायला गेली तर पडदा काळा झाला. बोट घासलं, अंगठा घासला, पदरानं पुसून परत घासलं. बाळासोंच्या खिशातला फोन आपला वाजतोय, वाजतोय, वाजून वाजून दमला आणि आपोआप थांबला.

झुंबरबाईंनी तो फोन चटका बसल्यासारखा काचेवर ठेवला. "ह्यो नको. पूर्ण वाजतोय."

"वाजू दे की पूर्ण! काय आग लागतीया?"

"पूर्ण वाजून चालत न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की तेजस्वीनं गुपचूप खालच्या कप्प्यातून बटणांचा एक फोन काढून, सिम घालून दिला. त्याला चांगलं हरभऱ्याएवढं लाल बटण होतं. झुंबरबाईंनी लावला, एक रिंग, दाबलं, कट. परत लावला. कट. त्या सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

"ह्योच."

फोन ठरला, म्हणजे सुटलो असं बाळासोंना वाटलं. पण जुनं सिम पाण्यात भिजून बाद झालेलं, आणि तोच नंबर नव्या सिमवर घ्यायचा तर आधार कार्ड, अंगठा आणि फोटो. तेजस्वीनं अंगठ्याचं यंत्र पुढं केलं. झुंबरबाईंनी अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा लावला. परत ठेवला, परत लाल. जन्मभर राखेनं भांडी घासून आणि तव्यावरच्या भाकऱ्या हातानं उलटून त्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच पुसल्या होत्या. मग हे बोट, मग ते बोट, मग हात धुऊन, मग तेल लावून, मग तेल पुसून. बाळासो मध्येच उठून रस्त्यावर गेले, एक फेरी मारून आले, तरी यंत्राचं आपलं तेच. अखेर डाव्या हाताच्या करंगळीला ते प्रसन्न झालं.

"आता फोटो," तेजस्वी म्हणाली. "मावशी, इकडं बघा. आणि डोळे मिचकवा."

झुंबरबाईंनी डोळे होते त्याहून मोठे केले. "आत्ता गं बया! येवढ्या माणसात?"

"मावशी, मिचकवायलाच लागतंय. त्याशिवाय फोटो घेत न्हाय. समोरचं माणूस जिवंत हाय का, ते बघतंय ते."

"जिवंत हाय!" बाळासो कडाडले. "सकाळपासनं माझं डोस्कं खातीया, आणि कसलं सर्टिफिकेट पायजे तुला?"

दुकानातलं झाडून सगळं माणूस हसलं. झुंबरबाईही हसल्या, हसताना डोळे मिटले आणि यंत्रानं त्यांना जिवंत म्हणून पास केलं.

राहिला प्लॅन. झुंबरबाई काउंटरवर वाकून, हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, मला येका रिंगेचा प्लॅन दे. बोलायचं कायच न्हाय."

"मावशी, रिंगेचे पैसे पडत न्हाईत. पण प्लॅन नसला तर रिंगसुद्धा जात न्हाय."

हे वाक्य बाळासोंनी नीट तोलून पाहिलं, या बाजूनं आणि त्या बाजूनं. मग त्यांचा पारा चढला तो चढलाच. "म्हणजे ही बोलणार न्हाय, त्याचे मी पैसे भरायचे?"

"तसंच म्हणा काका."

"मग आता बोलूनच दाखवतो! अनलिमिटेड दे. सगळ्यात मोठा दे. तीन महिन्यांचा असंल तर तीन महिन्यांचा दे!"

"अवो, नको वो," झुंबरबाई म्हणाल्या. "लहानातला लहान घ्या."

"गप. आजपासनं या घरातली कंजुषी बंद."

तेजस्वीनं जाताना फोनमध्ये झुंबरबाईंना तोंडपाठ असलेला एकच नंबर घालून दिला आणि त्याला 'आक्का' असं नाव दिलं. सिम रात्रीपर्यंत चालू होईल म्हणाली. घरी येईपर्यंत उन्हानं आणि संतापानं बाळासोंचं टाळकं तापलं होतं. मागं बसलेल्या झुंबरबाई मात्र वाटभर पिशवी पोटाशी धरून होत्या. "हुईल न्हवं उद्या सकाळपतोर?" त्यांनी पुलावर विचारलं, मग कमानीपाशी विचारलं, मग दारात उतरताना विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर रेंजच्या काड्या उभ्या होत्या. बाळासो ओट्यावर बसून चहा प्यायले, कप खाली ठेवला. झुंबरबाई पदराला हात पुसत फोन घ्यायला निघाल्या, आणि तेवढ्यात मागल्या दारी नळाला पाणी आलं. पाणी काय थांबत नाही. त्या धावल्या.

फोन खिडकीत होता. बाळासोंनी त्याच्याकडं पाहिलं. तीन महिन्यांचं अनलिमिटेड बोलणं आत भरून पडलेलं, आणि ही येऊन एक रिंग देणार आणि कट करणार. त्यांच्याच्यानं ते बघवलं नसतं. त्यांनी फोन उचलला आणि 'आक्का'वर बटण दाबलं.

रिंग गेली. एक, दोन, तीन. मेव्हणीला त्यांनी आजवर कधी फोन केला नव्हता, करायची वेळच आली नव्हती. पूर्ण वाजून फोन थांबला. बाळासोंनी परत लावला. तोही पूर्ण वाजला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा पलीकडं कुणीतरी उचलला.

"हॅलो? ...कोण?"

"आक्का! नवीन फोन घेतलाय! आता पायजे तेवढं बोला!" बाळासो चंदगडपर्यंत फोनशिवाय ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. तिकडून खरखर आली, खरखरीत कुणाचं तरी "आगं आई गं" असं काहीसं आलं, आणि फोन तुटला.

झुंबरबाई ओल्या पायांनी आत आल्या. बाळासोंनी फोन विजयानं उंच धरला.

"दिली रिंग. तुझ्यासारखी कद्रू न्हाय. चांगली पूर्ण वाजवली."

झुंबरबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "पूर्ण?"

"एकदा न्हाय, तीनदा!"

त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. मग फोन ओढून घेतला आणि लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, तेच. आता गाडीत बसली की घाट उतरेपर्यंत लागायचा नाही, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. नंतर उठल्या, मोठं पातेलं काढलं आणि तांदूळ धुवायला घेतले.

"येवढा भात कुणाला?"

"येत्यात आता."

"कोण येत्यात?"

"सगळी."

"आगं, पण का? झालंय काय?"

"सांगितलं तर चिडशीला. डाक्टरनं चिडायचं न्हाय म्हणून सांगितलंय." झुंबरबाईंनी खुर्ची उचलली आणि ओट्यावर, अगदी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. "हितं बसा. हालू नका. रस्त्यावरनं दिसाय पायजे तुमी."

"मी काय काचंतला फोन हाय, मांडून ठेवायला?"

"बसा म्हणतो न्हवं का!"

झुंबरबाई असा आवाज काढत नसत. बाळासो बसले. सकाळ गेली, ऊन वर आलं. येणारे-जाणारे राम राम घालत होते आणि बाळासो वैतागून हात वर करत होते. समोरचे ज्ञानू मिस्त्री येऊन जरा वेळ गप्पा मारून गेले. झुंबरबाई मध्येच बाहेर येऊन नवरा खुर्चीत आहे की नाही ते बघायच्या आणि फोन लावायच्या. बाळासोंना वाटलं, काल यंत्रानं हिला घाईनं पास केलं. डोकं तपासायला हवं होतं.

दुपारी जेवणवेळेला गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून माणूस उतरायच्या आधी हंबरडा उतरला.

"कसं गं झालं माझ्या बहिणीचं! आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं तिनं!"

गल्लीतली दारं धडाधड उघडली. पुढं हौसाबाई, डोळ्यांना पदर, मागं त्यांचा पुतण्या पृथ्वीराज खाली मान घालून, आणि त्याच्या मागं गावातल्या दोन बाया, एकीच्या डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं. ज्ञानू मिस्त्री आत्ताच बाळासोंशी बोलून गेलेले, तरी तो आक्रोश ऐकून त्यांनीही डोक्यावरची टोपी काढली.

हौसाबाई रडत रडत ओट्याच्या पायऱ्या चढल्या. खुर्चीत कोण बसलंय हे बघायला त्यांचे डोळे मोकळेच नव्हते. मेव्हणी दारात आली म्हणून बाळासो रीतीप्रमाणं उठून उभे राहिले.

"या आक्का."

"आलो पावणं," हौसाबाई हुंदक्यातून म्हणाल्या आणि दोन पावलं पुढं गेल्या.

मग थांबल्या.

हौसाबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला, वळल्या आणि बाळासोंकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पुढं होऊन त्यांच्या दंडाला चिमटा काढला, तो चांगलाच काढला.

"आयाई गं!" बाळासो कळवळले.

"जित्तं हायसा!" हौसाबाई म्हणाल्या. आणि मग रडण्याच्या जागी तोंडातून जो दारूगोळा आला तो आला. "मग पूर्ण रिंग कुठल्या मुडद्यानं दिली?"

"मी," बाळासो म्हणाले.

आतून झुंबरबाई धावत आल्या आणि बहिणीच्या गळ्यात पडल्या. दोघी एकदम रडायला लागल्या, एकदम बोलायला लागल्या, आणि बाळासोंना त्यातलं अक्षर कळेना. त्यांनी पृथ्वीराजकडं पाहिलं, तो चपलेकडं बघत होता. शेवटी हौसाबाईच खुर्चीत बसल्या, तांब्याभर पाणी प्याल्या आणि म्हणाल्या,

"तुमास्नी दवाखान्यात घातलं तवा झुंबरीनं मला रडत फोन केल्ता. यायला निघालो, तर म्हणाली येऊ नको, त्यास्नी खपायचं न्हाय. कुणाला कळाय नको म्हणून हुकूम हाय. मग आमी दोघीनी ठरवलं. तुमी उठलासा, चहा पिलासा, कप खाली ठेवलासा, की येक रिंग. म्हणजे पावणं बरं हायत. आन पूर्ण वाजली, तर कायबी इचारायचं न्हाय. उठायचं आन निघायचं."

बाळासो ओट्याच्या कडेवर टेकले.

"काल रिंगच आली न्हाय," हौसाबाई पुढं म्हणाल्या. "दिवसभर फोनापासनं हाललो न्हाय, जनावरं बी पोरानं बघितली. आज वाजली ती पूर्ण, येकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जिवाचा धडा करून उचलला, तर कोण परका गडी वरडतोय. म्हटलं, शेजारचं कोण तरी असंल, झुंबरीच्या हातात फोन धरायचं बळ ऱ्हायलं नसंल."

"त्यो परका गडी मीच," बाळासो कसेबसे म्हणाले.

"कळलं की आता!"

गल्लीतली माणसं हळूहळू पांगली. ज्ञानू मिस्त्रींनी टोपी घातली आणि जाताना बाळासोंचा हात हातात घेऊन उगाच दोनदा दाबला. आत झुंबरबाईंनी ताटं मांडली. गावच्या बाईनं डोक्यावरचं गाठोडं सोडलं. आत तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि डब्यात पिठलं, अजून कोमट.

"हे कशाला आणलंसा?" बाळासोंनी विचारलं.

मग पृथ्वीराज चाचरत म्हणाला, "काका, मयताच्या घरात चूल पेटत न्हाय न्हवं. म्हणून काकीनं सकाळी भाकरी थापून घेतली. रडत रडतच थापली."

बाळासोंनी भाकरीकडं पाहिलं. कडेला बोटांचे ठसे उमटलेले. ही त्यांची, स्वतःच्याच मयताची भाकरी. सकाळी जनावरांची कामं सोडून, नेसत्या लुगड्यानिशी, त्यांच्यासाठी कुणीतरी रडत थापलेली. त्यांनी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला.

"मला सांगायचं न्हाईस व्हय?" ते झुंबरबाईंना म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"तुमीच म्हणालासा, कुणाला सांगायचं न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "मी कुठं काय सांगितलं? नुसती रिंग दिली."

बाळासोंनी मान खाली घातली. इतकी वर्षं रोज सकाळी, त्यांच्या नाकासमोर, दाराच्या चौकटीला टेकून ही बाई एकच गोष्ट कळवत होती, की हा माणूस आहे. आणि तो माणूस तिला कद्रू म्हणत होता. त्यांना स्वतःची इतकी चीड आली, की असली चीड वजनकाट्यावर कधी कुणाची आली नव्हती. डोळे भरून आले ते त्यांनी पिठलं तिखट झालंय म्हणून पुसले. पिठलं अजिबात तिखट नव्हतं, पण हौसाबाईंनी ते खपवून घेतलं.

"आन त्या फोनात काय भरलंय म्हणं?" त्यांनी विचारलं.

"तीन महिन्यांचं अनलिमिटेड," झुंबरबाई म्हणाल्या.

"आगं आई! आन बोलायचं कोण?"

हौसाबाई एक दिवस राहिल्या आणि त्या दिवसात दोघी बहिणी अखंड बोलल्या. फोनची काही गरज पडली नाही. स्टँडवर एसटीत बसवताना बाळासो खिडकीशी उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांना तसलं बोलायची सवय नव्हती. "सावकाश जावा," एवढंच म्हणाले. हौसाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ज्या दंडाला चिमटा काढला होता तो थोपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई चहा घेऊन ओट्यावर आल्या, तर बाळासो आधीच नवा फोन मांडीवर घेऊन बसलेले. एका हातात कप धरला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबायला गेले.

"थांबा," झुंबरबाई म्हणाल्या. "आदी चहा प्या. सगळा. खोटं कळवायचं न्हाय आक्काला."

बाळासोंनी निमूटपणे चहा प्यायला, तळाचा घोटसुद्धा. कप खाली ठेवला. मग बटण दाबलं. एक रिंग गेली आणि त्यांनी ते हरभऱ्याएवढं लाल बटण घाईघाईनं दाबून धरलं. कट. पोचली असेल का, जास्त तर वाजली नसेल ना, अशा काळजीनं ते फोनकडं टक लावून बसले. झुंबरबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या.

फोन वाजला. बाळासोंचा अंगठा सवयीनं हिरव्या बटणाकडं गेला.

"उचलू नका!"

अंगठा जागीच थांबला. रिंग तुटली. पडद्यावर 'आक्का' असं नाव थोडा वेळ राहिलं आणि विझलं.

"कळलं तिला," झुंबरबाई म्हणाल्या, आणि रिकामा कप उचलून आत गेल्या.